आधीचं रक्त, नंतरचं रक्त

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथी पास झाले आणि शाळा सुटली. त्यानंतर लिहिलं ते किराण्याच्या चिठ्ठीपुरतं. कुठे काना जास्त पडला असेल, कुठे वेलांटी उलटी गेली असेल. ही वही कोणाला दाखवायची नाही, पण पेटीतली वस्तू कधी ना कधी कोणाच्या तरी हाती लागते. ज्याच्या हाती लागेल त्याने माफ करावं. मी बोलते तसंच लिहिलं आहे असं म्हणणार होते, पण मी फारशी बोलतच नाही. एकदाच हट्टाने बोलले ते चुकीचं बोलले, आणि जेव्हा बोलायला हवं होतं तेव्हा पंधरा दिवस गप्प राहिले.

आमचे हे दारव्ह्याच्या बाजार समितीत मापारी होते. कापूस, तूर, सोयाबीन, जे येईल ते काट्यावर चढवायचं आणि वजन ओरडून सांगायचं, हे त्यांचं काम. आवाज मोठा, हात मोठे, हसणं मोठं. ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडला की आवारात गाड्या कमी, आणि गाड्या कमी की मापाऱ्याची मजुरी कमी. तरी हे सकाळी जाऊन काट्याजवळ बसत. एका पावसाळ्यात त्यांचे पाय सुजू लागले. उभं राहून राहून सूज आली असेल म्हणून दोन महिने आम्ही इथल्याच गोळ्यांवर काढले. मग यवतमाळला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्या, आता रक्त मशीनने साफ करावं लागेल, आठवड्यातून दोनदा, जन्मभर.

ह्यांनी विचारलं, "जनमभर म्हंजे किती दिवस जी?"

डॉक्टर कागदावर लिहीत राहिले.

मंगळवार आणि शुक्रवार असे दोन दिवस ठरले. सकाळी जीपने यवतमाळला जायचं. दवाखान्याच्या त्या खोलीत चार मशिनी होत्या. हाताच्या शिरेत दोन जाड सुया घालत. एकीतून रक्त बाहेर यायचं, मशीनला लावलेल्या पांढऱ्या नळकांड्यातून फिरायचं आणि दुसऱ्या सुईने परत आत जायचं. नळकांड्यात बारीक जाळी असते, तिथे रक्तातली घाण सुटते, असं मशीन चालवणाऱ्याने मला समजावलं होतं. तो घाटंजीकडचा, पन्नाशीला आलेला माणूस. मी त्याला भाऊ म्हणायची. मशीनला लावण्याआधी वजन, सुटल्यावर परत वजन. हे वजनकाट्यावर चढताना दर वेळी म्हणायचे, "माहं वजन आधी बी करते अन् मंग बी करते. पर भाव कोणी सांगत नाही."

मशीनवर चार तास राहायचं असतं. पण आमची परतीची जीप पाचची. ती चुकली की रात्रीच्या एसटीची वाट पाहायची, आणि तिचं काही खरं नसायचं. तीन तास झाले की ह्यांची नजर घड्याळावर.

"सोडा ना भाऊ. जीप गेली त इले घेऊन का स्टँडवर झोपू?"

"काका, पाऊण तास हाय अजून."

"पाऊण तासात का मी गोरा होऊन राह्यलो?"

सगळी खोली हसायची आणि भाऊ सुया काढायचा. ह्यांच्या पायात गोळे यायचे म्हणून मशीनचा पंपही हळू ठेवलेला असायचा. मला वाटायचं, हळू आहे म्हणजे जपून चाललं आहे.

त्यांच्या अंगात रक्त फार कमी होतं. दोनदा बाटली चढवावी लागली. एका बाटलीच्या बदल्यात रक्त देणारा एक माणूस आणावा लागायचा. पहिल्यांदा त्यांच्या जोडीचा मापारी आला, दुसऱ्यांदा माझा चुलता. तिसऱ्यांदा मी पाच घरं फिरले. कोणी "पाहतो" म्हणालं, कोणाची वेचणी चालू होती, एका घरातली बाई दारातच म्हणाली, "आमचाच माणूस वाळून राह्यला बाई, त्याच्यात का काढता?" तिचं खोटं नव्हतं. त्या वर्षी कोणाच्याच अंगावर मांस नव्हतं.

अशात भाऊने सांगितलं, आता दर महिन्याला तपासणी करायची. मशीन लावण्याआधी एक शिशी रक्त, सुटताना एक शिशी. आधी घाण किती होती आणि नंतर किती उरली हे पाहिलं की कळतं, माणसाला मशीन पुरतं की नाही. पहिली शिशी काढली तेव्हा मी काही बोलले नाही. शेवटी त्याने पंप हळू करून दुसरी शिशी भरायला घेतली. तेव्हा त्या लांब नळ्यांत, नळकांड्यात, सगळीकडे ह्यांचंच लाल रक्त भरलेलं होतं. माझ्याने राहवलं नाही.

"भाऊ, आधी हे सारं त्याईच्या आंगात जाऊ द्या ना जी. मंग काढा तुमची शिशी. नळीत उरलंसुरलं असन त्याच्यातून."

"ताई, तसं नसते काढाचं."

"एवढं आयका माहं. तिसऱ्या बाटलीले मले माणूस नाही भेटून राह्यला."

मी त्याच्यासमोर हात जोडले. मला रडू फुटलं होतं. तिकडे दुसरी मशीन वाजत होती, इकडे ह्यांचं जीप-जीप चाललं होतं. भाऊने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं." त्याने सलाईन लावून नळ्यांमधलं सगळं रक्त आत ढकललं. नळ्या हळूहळू पांढऱ्या होत गेल्या. मग त्या नळीतून शिशी भरली. पुढच्या महिन्यापासून मला सांगावंही लागलं नाही. तो आपणहून तसंच करायचा आणि म्हणायचा, "घ्या ताई, तुमचा थेंब वाया नाही गेला."

रिपोर्ट चांगला आला. दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी नागपूरहून किडनीच्या मॅडम यायच्या. त्या म्हणाल्या, "छान आहे. शंभरातली सत्तर घाण निघतेय. आठवड्यातून दोनदा पुरेसं आहे सध्या." मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

पण हे त्यानंतर खालीच जात राहिले. आधी जेवण सुटलं. भाकरीचा वास आला तरी उमासे यायचे. तोंडाला तांब्याच्या भांड्यासारखी चव लागते म्हणायचे. मग खाज सुरू झाली. हाताने भागेना म्हणून मक्याच्या बुरकुंडाने, दाणे काढलेल्या कणसाने, पाठ घासून द्यायची, रक्त निघेपर्यंत. उचकी लागली की दुपारभर थांबायची नाही. आणि दर महिन्याला रिपोर्ट मात्र चांगला. तिसरा चांगला रिपोर्ट आला तेव्हा मॅडमनी कागद खाली ठेवला आणि मला विचारलं, "मशीन तर काम करतंय. मग घरी खायला काय देता तुम्ही यांना?"

मी खाली पाहिलं. माझी सवयच ती. मला वाटतं, माझं खाली पाहणं हेच त्यांना उत्तर वाटलं असेल.

आमचं घर आणि ह्यांच्या मोठ्या भावाचं घर एकाच आवारात. आमच्यात भासऱ्यांशी, म्हणजे मोठ्या दिराशी, सून समोरासमोर बोलत नाही. डोक्यावर पदर घेऊन बाजूला व्हायचं. ते काही सांगायचं असलं तर मोठ्या जाऊबाईंना सांगायचे, मी तिथेच उभी असले तरी.

"इले इचार," ते ओसरीवरून म्हणायचे, "रिपोर्ट चांगला हाय त माणूस काहून वाळून राह्यला? का खाऊ घालते त्याले?"

जाऊबाई माझ्याकडे वळून म्हणायच्या, "का वो, इचारून राह्यले ना."

भाजी दोनदा उकळून पाणी फेकून द्यायची, ती मी फेकत होते. पाणी एका फुलपात्राने मोजून देत होते. केळं, संत्रं घरात येऊ देत नव्हते. तरी जाऊबाई अधूनमधून येऊन माझं भगोणं उघडून पाहायच्या, वरणात बोट बुडवून मीठ चाखायच्या. मी उभी राहून पाहायची. हळूहळू मलाच वाटू लागलं की मीच काहीतरी चुकीचं खाऊ घालते आहे. एकदा तर मी दिवसभर त्यांना नुसती भाताची पेज दिली. संध्याकाळी ते म्हणाले, "अवो, उपासानं मारते का मले? मशीन हाय ना त्याच्यासाठी."

चौथ्या महिन्याची तपासणी होती. आमच्या शेजारच्या खाटेवर उमरखेडकडची एक बाई असायची. त्या दिवशी तिचीही तपासणी होती. भाऊने तिची नंतरची शिशी मशीन चालू असतानाच भरली आणि दाराजवळच्या टेबलावर लाकडी स्टँडमध्ये उभी केली. मग ह्यांचं सगळं रक्त आत पाठवलं, माझ्याकडे पाहून हसला, आणि आमची शिशी तिच्या शेजारी ठेवली. मी त्या टेबलाजवळच बसले होते.

तिची शिशी जांभळाच्या रसासारखी होती. आमची कुंकवाच्या पाण्यासारखी.

मला आधी वाटलं, ह्यांच्या अंगात रक्तच इतकं कमी आहे. मग स्टँडमधली आमची आधीची शिशी दिसली. तीही फिकी होती, पण इतकी नाही. मी त्या तीन शिश्यांकडे पाहत राहिले. वरणात लोटाभर पाणी ओतलं की मीठ कमी लागतं. पण मीठ कुठे गेलेलं नसतं. ते भगोण्यातच असतं.

आमच्या शिशीत रक्त थोडं आणि सलाईनचं पाणीच जास्त होतं. घाण कमी झाली नव्हती, पाण्याने कमी दिसत होती. चार महिने तो कागद खोटं बोलत होता, आणि खोटं बोलायला त्याला मी लावलं होतं.

परत येताना जीपमध्ये मी ह्यांना हळूच सांगितलं. ते मान टाकून बसले होते. आधी त्यांना कळलं नाही. मी परत सांगितलं. कापसाचं वजन वाढावं म्हणून लोक आदल्या दिवशी त्यावर पाणी मारत, आणि ह्यांना गाठोड्यात हात घातला की ते कळायचं. ते हसू लागले, आणि हसता हसता उचकी लागली.

"म्हंजे चार महिने आपण पाणी मारलेला माल तोलला म्हणावं. अन् मी मापारी!"

समोर बसलेला माणूस आमच्याकडे पाहू लागला. रस्त्यावरच्या मोह्याच्या झाडांपर्यंत आल्यावर हे म्हणाले, "मॅडमले सांग."

"तुमी सांगा ना."

"माह्या तोंडातून उचकीशिवाय काई निघून राह्यलं का?"

पुढच्या शुक्रवारी मॅडम आल्या. मी खांबाजवळ उभी राहिले. काय बोलायचं ते मी घरून पाठ करून आले होते. मॅडम पहिल्या खाटेकडून दुसरीकडे आल्या, मग आमच्याकडे. भाऊ त्यांच्यासोबत होता. मी बोलले असते तर भाऊला बोलणी बसली असती, कदाचित त्याची नोकरीच गेली असती. त्याने माझ्यावर दया केली होती. आणि आम्हाला हाकललं तर दुसरी मशीन कुठे? नागपूरला? मॅडमनी विचारलं, "काही सांगायचंय का?" मी मान हलवली, नाही म्हणून. ह्यांनी खाटेवरून माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

ते पंधरा दिवस मला आठवायला नको वाटतात. ह्यांना उभं राहता येईना. जीपपर्यंत दोघांनी उचलून न्यावं लागायचं. पाण्याचा घोट पोटात टिकायचा नाही. अंगाला मुताचा वास येऊ लागला होता. मी अंग पुसायची आणि तो वास पाण्याने जायचा नाही. एकदा ते मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारू लागले. नणंद वारून आठ वर्षं झाली होती. मी ओ दिली.

पुढच्या वेळी मॅडम खोलीत शिरल्या त्याबरोबर मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. पाठ केलेलं सगळं विसरले.

"मॅडम, रक्तात पाणी हाय."

"काय?"

"मी सांगतलं होतं त्याईले, आधी रक्त आत घाला मंग शिशी भरा. दर महिन्याले तसंच केलं. रिपोर्ट पाण्याचा हाय. चूक माही होय जी. भाऊची नाही."

मॅडमनी भाऊकडे पाहिलं. तो खाली पाहत होता. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी खुर्ची ओढली, ह्यांची फाईल काढली आणि एक एक पान मागे उलटत गेल्या. मग भाऊला म्हणाल्या, "किती वेळ चालवता यांना? कागदावर चार तास आहे. खरं सांगा."

भाऊ म्हणाला, "सव्वातीन, मॅडम. कधी तीन."

त्या दिवशी त्यांनी स्वतः उभं राहून शिशी भरून घेतली. पंप हळू केला, थोडं थांबल्या, आणि रक्त आत पाठवायच्या आधी, चालत्या नळीतून काढलं. मी तोंड फिरवलं नाही. जांभळासारखं नव्हतं, पण रक्त होतं.

मॅडम गेल्यावर भाऊ पाण्याच्या पिंपाजवळ मला म्हणाला, "ताई, मले आधी काहून नाही सांगतलं? मीच सांगतलं असतं त्याईले."

"तुमची नोकरी जाईन वाटलं."

"अन् काका गेला असता त?" एवढंच म्हणून तो आत गेला. पुढचे दोन आठवडे तो माझ्याशी बोलला नाही. सुया मात्र पहिल्यासारख्याच हलक्या हाताने घालायचा.

रिपोर्ट मंगळवारी मिळाला. पुढच्या वेळी मॅडमनी मला समोर बसवून समजावलं. मशीनला लावताना रक्तात घाण शंभर धरली तर सुटताना पस्तीसच्या वर उरायला नको. ह्यांची बासष्ट उरत होती. अर्धीही निघत नव्हती. वेळ कमी, पंप हळू, आणि आठवड्यातून दोनदाच. "औषधाचा अर्धा डोस दिला तर ताप उतरेल का? तसंच हे," त्या म्हणाल्या. आता पंप वाढवायचा, चारच्या चार तास, आणि आठवड्यातून तीनदा.

हे म्हणाले, "तीनदा? मंग मशीनलेच बायको करतो. ही घरी राहीन."

खोली हसली. मी नाही हसले. दोन वेळांचे पैसेच आम्ही कसे भरत होतो ते मला ठाऊक होतं. जे पैसे लागणार होते ते या आवारात एकाच माणसाकडे होते. भासऱ्यांचा कापूस आठ दिवस खरेदी केंद्राबाहेर गाडीवर उभा राहून नुकताच विकला गेला होता. भाव जो मिळाला तो मिळाला.

मी ओसरीच्या खाली उभी राहिले. ते वर बसले होते, जाऊबाई तूर निवडत होत्या.

"बाई, त्याईले म्हणा, तिसऱ्या दिवसाचे पैसे पाह्यजे."

"तिसरा दिवस कायले?" ते जाऊबाईंना म्हणाले. "रिपोर्ट त चांगला होता ना? इचार इले."

"म्हणा, रिपोर्ट खोटा होता. माह्याच्यानं खोटा होता."

जाऊबाईंचा सुपातला हात थांबला. "हे मी नाही सांगत बाप्पा. तूच सांग."

मी पदर सावरला आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे तोंड करून बोलले. शिशी, सलाईन, वरणातलं मीठ, जीप, सगळं. मध्ये थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं, म्हणून थांबले नाही. माझा आवाज इतका बारीक होता की ते पुढे वाकून ऐकत होते. ऐकून झाल्यावर ते उठले. मला वाटलं आता म्हणतील, तूच मारलं माझ्या भावाला. मी ते ऐकायची तयारी करून उभी होते.

ते आत गेले आणि दुपट्ट्यात गुंडाळलेले पैसे आणून ओसरीच्या कडेला ठेवले.

"कापसाचे हाय. सारे नाही, मले बी बियाणं घ्याचं हाय. अन् हे परत पाह्यजे बरं."

"देईन," मी म्हणाले.

जीपचा नाद सोडून आम्ही एसटीने यायला लागलो, घरी पोचायला रात्र व्हायची. तिसऱ्या आठवड्यात उचकी थांबली. खाज गेली. एक दिवस ह्यांनी झुणका मागितला आणि अर्धी भाकरी खाल्ली. मी चुलीकडे तोंड करून बसले, त्यांना माझं तोंड दिसू नये म्हणून. दिवाळीनंतर ते दोन-तीन वेळा काट्यावरही जाऊन बसले. दर महिन्याला भाऊ चालत्या नळीतून शिशी भरायचा आणि उजेडात धरायचा, "पाहून घ्या ताई." कागदावर कधी छत्तीस, कधी तेहतीस उरायचे.

असे एकोणीस महिने मिळाले. मग एका रविवारी सकाळी दात घासताना ह्यांच्या छातीत दुखलं आणि दवाखान्यात न्यायच्या आतच गेले. मी नंतर एकदा यवतमाळला जाऊन मॅडमना विचारलं, त्या चार महिन्यांमुळे हृदय खराब झालं का? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही." मग म्हणाल्या, "झालंही असेल." त्यांनी खोटं सांगितलं नाही, हे मला बरं वाटलं. दुसरं काहीच बरं वाटलं नाही.

पैसे मी वेचणीतून फेडले. थंडीत पहाटे दव असताना कापूस वेचला की वजन जास्त भरतं; मी ऊन चढायची वाट पाहायची. दर हंगामाला थोडे थोडे देत गेले. भासरे कधी मागायला आले नाहीत, पण दिले तर घेत होते, आणि मला तेच हवं होतं. तिसऱ्या वर्षी संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी शेवटचे पैसे ओसरीवर ठेवले. त्यांनी दोनदा मोजले, एक फाटकी नोट बाजूला काढून मला बदलून आणायला सांगितली. मी किराणा दुकानातून बदलून आणून दिली. पैसे पूर्ण फिटले.